टनामागे पंचेचाळीस घोडे

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा सुमारे ८० फूट, म्हणजे साधारण २४ मीटर उंच आहे. समजा, त्याच्या टोकाला एक दणकट कप्पी बसवली. (वारसा वास्तू सांभाळणाऱ्यांनी एवढा परिच्छेद वाचू नये.) खाली एका बाजूला प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कागदोपत्री नाव काहीही असले तरी आपली फियाट, आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्तान अँबॅसेडर. दोघींनी दोर धरायचा आणि स्वतःच्याच इंजिनाच्या जोरावर स्वतःला वर ओढून घ्यायचे. घर्षण नाही, गिअरची खाटखूट नाही, दोराला वजन नाही. इंजिनाची छापील ताकद पुरीच्या पुरी कामाला लागते असे धरू. आधी वर कोण पोचेल?

मंडईच्या कट्ट्यावर हा प्रश्न १९७५ साली टाकला असता, तर संध्याकाळ तिथेच गेली असती. फियाटवाले आणि अँबॅसेडरवाले ही दोन घराणी होती, आणि एका घराण्यातला माणूस सहसा दुसऱ्यात जात नसे. उत्तर मात्र मंडईतल्या कुठल्याही वजनकाट्याइतके कोरडे आहे. फियाटला ७.१६ सेकंद लागतात, अँबॅसेडरला ७.०४. फरक सेकंदाच्या आठव्या हिश्श्याचा. अँबॅसेडरच्या डिकीत वीस किलो कांदे राहून गेले असतील, तर तोही उरत नाही.

हिशेब सोपा आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले, की झाली एक अश्वशक्ती. ही मेट्रिक. जेम्स वॉटची मूळ अश्वशक्ती हिच्यापेक्षा दीड टक्क्याने मोठी आहे, पण तेवढी सूट मंडईत काट्यालाही मिळते. फियाटच्या १०८९ सीसी इंजिनाची ताकद ४० घोड्यांची आणि गाडीचे वजन ८९५ किलो. अँबॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाची ताकद ५० घोड्यांची, वजन सुमारे ११०० किलो. भागाकार करा: फियाटला एका टनामागे पावणेपंचेचाळीस घोडे, अँबॅसेडरला साडेपंचेचाळीस. एवढ्यावरून आपल्याकडे तीन दशके लोक हिरीरीने भांडले.

या दोन गाड्यांचे एकमेकींशी काही नाते असते, तर या बरोबरीचे नवल नव्हते. एकीचे माहेर इंग्लंडातले ऑक्सफर्डजवळचे कौली, दुसरीचे इटलीतले तुरिन. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका १९५७ पासून बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबॅसेडर होऊन बाहेर पडू लागली. फियाट ११०० डी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागली. कुर्ल्याचा कारखाना वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्हींत हात घातला. प्रीमियर १९४४ ची, आणि फियाटशी हातमिळवणी होण्याआधी तिथे अमेरिकी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स बिर्लांची, १९४२ ची. म्हणजे आराखडे दोन देशांतले, कारखाने दोन टोकांना, मालक दोन घराण्यांतले, आणि टनामागे घोडे जवळपास तेवढेच.

इंजिनाच्या पोटात शिरले, तर बरोबरी आणखी चक्रावून टाकते. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. अँबॅसेडरचा व्यास ७३ आणि धाव जवळजवळ ८९. फियाटचे इंजिन पुरी ताकद देते मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर, अँबॅसेडरचे ४२०० वर. एक आखूड पावले भरभर टाकणारी, दुसरी लांब टांगा टाकत चालणारी. पण पिस्टनचा सरासरी वेग काढला, तर फियाटचा सेकंदाला १२ मीटर आणि अँबॅसेडरचा साडेबारा. ताशी किलोमीटरमध्ये ४३ आणि ४५. तुरिनच्या आणि इंग्लंडच्या अभियंत्यांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या नव्हत्या. त्यांना अडवणारी भिंत मात्र एकच होती: त्या काळचे ओतीव लोखंड, त्या काळची बेअरिंगे, त्या काळचे तेल. याहून जोरात पिस्टन हलवला तर तेलाचा थर टिकायचा नाही, आणि टिकला तरी गाडी एका कुटुंबाला वर्षानुवर्षे पुरायची नाही. शिवाय पेट्रोल हलके मिळणार हे गृहीत धरून दाबही बेताचाच ठेवलेला. वेगाला हद्द, दाबाला हद्द. मग लिटरमागे ताकद किती निघणार तेही ठरून गेले. फियाटची लिटरमागे ३६.७ अश्वशक्ती, अँबॅसेडरची ३३.६. आजच्या साध्या घरगुती गाडीचे इंजिन एवढ्याच जागेतून जवळपास दुप्पट काढते.

साडेबारा मीटर हा आकडा सौम्य वाटतो, कारण तो सरासरी आहे. पिस्टन सिलिंडरच्या माथ्यापाशी क्षणभर थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा सुटतो. फियाटमध्ये ४८०० फेऱ्यांवर हे सेकंदाला ८० वेळा घडते, आणि त्या वळणावर पिस्टनला जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या बाराशे पटींच्या घरात जातो. अँबॅसेडरमध्ये अकराशेच्या घरात. मंडईच्या भाषेत सांगायचे, तर पाव किलो मिरच्या त्या जागी ठेवल्या, तर त्या एका क्षणापुरत्या तीनशे किलोंच्या होतील. पन्नास किलोंची सहा पोती. हे सगळे चालू असताना आत ट्रान्झिस्टरवर गाणी लागलेली असायची.

आता श्वासाकडे. चार ठोक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत स्वतःच्या आकारमानाएवढी हवा आत घेऊ पाहते. प्रत्यक्षात ऐंशी टक्के भरते असे धरू. पुऱ्या ताकदीला फियाट मिनिटाला सुमारे २१०० लिटर हवा ओढते, अँबॅसेडर अडीच हजार. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-सात लिटर पुरतात. म्हणजे फियाट तीनशे माणसांचा श्वास घेते आणि अँबॅसेडर साडेतीनशेंचा. एका गाडीत माणसे पाच.

ठिणग्या तर मोजवतच नाहीत. फियाटच्या डिस्ट्रिब्यूटरमधले इवलेसे पॉइंट पुऱ्या वेगाला सेकंदाला १६० वेळा उघडमीट करतात, अँबॅसेडरचे १४० वेळा. साध्या प्रवासाचा हिशेब मांडू. चौथ्या गिअरात फियाटच्या इंजिनाची एक फेरी म्हणजे रस्त्यावर साधारण ४२ सेंटिमीटर. जुन्या रस्त्याने पुणे-मुंबई १६० किलोमीटर धरले, तर दादरला पोचेपर्यंत इंजिनाच्या पावणेचार लाखांहून अधिक फेऱ्या आणि साडेसात लाख ठिणग्या होतात. घाटात खालचे गिअर लागतात ते वेगळेच. यातली एकेक ठिणगी पडली ती पॉलिश कागदाने घासून पुसलेल्या पॉइंटच्या भरवशावर. फियाट ठेवणाऱ्या घरात तो कागदाचा तुकडा ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम असे.

एवढ्यावर दोघी सारख्याच म्हणून सोडून देता आले असते. पण घाटाचे नाव निघाले आहे, आणि तिथे स्वभाव वेगळे दिसतात. फियाटची पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, ७१ न्यूटन मीटर, तीही ३००० फेऱ्यांवर. अँबॅसेडरची शंभरीच्या आसपास, आणि ती खालच्याच फेऱ्यांवर हाती येते. लांब धावेचे मोठे इंजिन असण्याचा हा फायदा. म्हणून आठ माणसे, दोन ट्रंका आणि टपावर गादी बांधलेली अँबॅसेडर कुरकुरत का होईना, तिसऱ्यात चढायची. फियाटला तेवढ्यासाठी दुसरा टाकून इंजिन ओरडायला लावावे लागे. चालवायला मजा फियाटमध्येच होती, असे माझे प्रामाणिक मत आहे. ओझ्याला अँबॅसेडर.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण सुमारे पाचशे मीटरची. पाच माणसे आणि सामान धरून साडेबाराशे किलोंची फियाट तेवढी उंच न्यायची, तर पुरी ताकद लावून साडेतीन मिनिटांचे निव्वळ काम आहे. तेवढ्यासाठी गाडी एवढी का तापावी? पेट्रोल इंजिनाचा नियम असा, की जेवढी ताकद चाकाकडे जाते, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरच्या पाण्यात उतरते आणि तितकीच धुरातून निघून जाते. ४० घोडे म्हणजे जवळपास ३० किलोवॉट. घरातले २ किलोवॉटचे गीझर एकाच वेळी पंधरा लावल्यासारखे. एवढ्या उष्णतेत नळाचे एक लिटर पाणी दहा सेकंदांत उकळते. समोरून वारा नसला, मालमोटारीच्या मागे अडकून चालीच्या वेगाने चढायची वेळ आली, की रेडिएटरच्या हातात काही राहत नाही. बोरघाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटची रांग आणि पाण्याचे डबे घेऊन आलेली पोरे, यामागचे गणित एवढेच.

घाटातून पुन्हा मंडईत येऊ. मंडईशेजारी १९१५ साली सुरू झालेले आर्यन हे चित्रपटगृह होते, आणि मिनर्व्हाही. दोन्ही गेली आणि दोन्हींच्या जागी वाहनतळ उभे राहिले; लोक अजून त्यांना आर्यन आणि मिनर्व्हाच म्हणतात. फियाटची लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६. अँबॅसेडरची लांबी ४.३२ च्या आसपास, रुंदी १.६६. एकीला पावणेसहा चौरस मीटर जमीन लागते, दुसरीला सातच्या थोडी वर. हिशेब जवळपास बरोबर सुटतो: आठ अँबॅसेडर जितकी जागा खातात, तितक्यात दहा फियाट बसतात. ताकदीत जो निकाल लागत नव्हता, तो जागेत लागतो. आणि हा निकाल पुढे सरकारनेही दिला, नकळत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलच्या १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ‘लहान गाडी’ म्हणून उत्पादन शुल्क कमी केले. तेव्हापासून कितीतरी मोटार कंपन्यांनी आपल्या गाड्यांचे शेपूट कापून त्या चार मीटरच्या आत कोंबल्या आहेत. १०८९ सीसीची, ३.९३ मीटर लांब फियाट त्या व्याख्येत एका कागदाचाही बदल न करता बसली असती. फक्त तिचे उत्पादन तोवर बंद झाले होते. अँबॅसेडर चालू होती, आणि ती दोन्ही अटींत नापास.

उत्पादनाची वर्षे हा या दोघींचा सर्वांत वेडा आकडा. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका इंग्लंडात बनली १९५६ ते १९५९, तीन वर्षे. अँबॅसेडर उत्तरपाड्यात बनली १९५७ ते २०१४, सत्तावन्न वर्षे. मूळ गाडीच्या एकोणीस पट आयुष्य. फियाट ११०० डी इटलीत निघाली चार वर्षे, आपल्याकडे २००० च्या सुमारापर्यंत, जवळपास छत्तीस वर्षे, नऊ पट. या काळात नावे बदलली. ११०० डीलाइटची १९७३ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि लगेच १९७४ मध्ये पद्मिनी. पत्रा तोच. अँबॅसेडरच्या मार्कवर मार्क निघाले, १९७९-८० च्या सुमारास तिचे डिझेल आले, नव्वदच्या दशकात इसुझूचे १८०० सीसीचे ७५ घोड्यांचे इंजिनही बसले; पण खांदे तेच राहिले.

बदलायचे कारणच नव्हते. सत्तरच्या दशकात सगळ्या भारतात वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनत नव्हत्या. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे थांबायचे. किती किंमत घ्यायची हे सरकार ठरवी, त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७१ साली अँबॅसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड यांच्या किमतीचा वाद तिथल्या न्यायमूर्तींसमोर सुटला. भाजीचा भावही इतक्या वर गेल्याचे ऐकिवात नाही. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, ताकद जवळपास फियाटएवढीच आणि वजन अडीचशे किलो कमी. पंचेचाळीस घोड्यांची बरोबरी एका दिवसात जुनी झाली.

दुसऱ्या टोकाला काय आहे, तेही एकदा मनोऱ्याला बांधून पाहू. २००५ ची बुगाटी वेरॉन १००१ घोड्यांची, १८८८ किलोंची. मंडईचे टोक ती ०.६ सेकंदात गाठेल. ‘अरे’ म्हणून होईपर्यंत. पण ताशी ४०७ किलोमीटरच्या कमाल वेगाला तिची शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. फियाटची ३८ लिटरची टाकी पुऱ्या ताकदीला पावणेतीन तास पुरते. पुऱ्या ताकदीने पावणेतीन तास फियाट चालवून दाखवणारा माणूस मात्र शोधावा लागेल.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे, तर मंडईचे खरे माप काढू: हमाल. धडधाकट माणूस दिवसभर, आठ तास, सलग ७५ वॉटच्या आसपास काम करू शकतो. दिवसाचे झाले ०.६ युनिट. (पन्नास किलोंहून जड पोते नको, एवढी साधी गोष्ट मिळवायला हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे इथे सांगून ठेवतो. फियाटच्या इंजिनाने मात्र कधी तक्रार केली नाही असे कोणी म्हणू नये.) एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातला पाव हिस्सा चाकाला मिळतो, म्हणजे सव्वादोन युनिट. एक लिटर पेट्रोल म्हणजे एका हमालाचे पावणेचार दिवस. फियाटची भरलेली टाकी म्हणजे त्याचे एकशे चाळीस दिवस, अँबॅसेडरची ५४ लिटरची म्हणजे दोनशे.

आता हे मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाटला लावा. ज्या शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली ती ताडदेवच्या आरटीओत, २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर फियाट टॅक्सी उरली नाही. अशा एका टॅक्सीचा हिशेब हात आखडूनच धरू. दिवसाला शंभर किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, वीस वर्षे. झाले सहा लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेवर परत. इंजिनाच्या फेऱ्या १४३ कोटी, तेही सगळा प्रवास चौथ्या गिअरात झाला असे धरून. माणसाच्या हृदयाला एवढे ठोके द्यायला ३९ वर्षे लागतात. ठिणग्या २८६ कोटी. लिटरला बारा किलोमीटर धरले, तर पेट्रोल पन्नास हजार लिटर. हमालाच्या मापाने एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार दिवस, वर्षाला तीनशे दिवस काम धरून सहाशे पंचवीस वर्षे. म्हणजे २०२३ मध्ये त्या एका टॅक्सीएवढे काम पुरे करायचे असते, तर एका हमालाला १३९८ च्या सुमारास, शिवजन्माच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी, पहिले पोते खांद्यावर घ्यावे लागले असते.

ही एक टॅक्सी. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यातल्या बहुतेक फियाट. साठ हजार गुणिले सहाशे पंचवीस केले, तर तीन कोटी पंचाहत्तर लाख वर्षे होतात. कोलकात्याच्या पिवळ्या अँबॅसेडरचा हिशेब यात धरलेला नाही. तो कोलकात्याच्या बाजारातल्या कोणीतरी करावा, आणि करताना डिकीतले वीस किलो कांदे आधी उतरवून घ्यावेत.